ओळ संपायच्या आत संपणारा श्वास

रियाजाचं रेकॉर्डिंग ऐकताना मला पहिल्यांदा माझा स्वतःचा श्वास ऐकू आला. सहा वर्षं गाणं शिकत होते, पण कान नेहमी स्वराकडे, नाहीतर ठेक्याकडे. त्या दिवशी फोन जरा जवळ ठेवला गेला होता. प्रत्येक ओळीच्या आधी ‘हाऽ’ असा ओढून घेतलेला आवाज येत होता, पाण्याबाहेर डोकं काढलेल्या माणसासारखा. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल होता. मुखडा, म्हणजे बंदिशीची परत परत येणारी सुरुवातीची ओळ, उचलून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं, तर सम यायच्या आधीच माझी हवा संपत होती. शेवटची दोन अक्षरं मी उरल्यासुरल्या दमावर ढकलत होते आणि नेमका तिथेच स्वर उतरत होता. समेवर सूर कमी लागतो म्हणून मी वर्षभर तानपुऱ्याला कान लावून बसत होते. कान ठीक होता. तिथपर्यंत पोचायला श्वासच पुरत नव्हता.

मला गाणं शिकवणाऱ्या ताईंनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. “तुझा दम कमी नाहीये गं,” त्या म्हणाल्या, “तू तो सांडतेस.”

मला ते पटलं नाही. चाळिशी उलटली होती, जिना चढताना धाप लागायची, तेव्हा फुफ्फुसंच कमजोर असणार असं मी धरून चालले होते. डॉक्टरांकडे जाऊन नळीत फुंकायची तपासणी करून घेतली. छाती पूर्ण भरून घेतल्यावर जितकी हवा बाहेर काढता येते ती माझी ३.१ लिटर निघाली, वयाला आणि उंचीला अगदी योग्य. शांत बसलेलो असताना आपण एका श्वासाला जेमतेम अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. म्हणजे त्याच्या सहापट साठा माझ्याजवळ होता, आणि तरी मुखडा पुरत नव्हता. डॉक्टरांनी हेही सांगितलं की मोठेपणी व्यायामाने फुफ्फुसांचा आकार फारसा वाढत नाही. ते ऐकून आधी वाईट वाटलं. घरी येईपर्यंत मात्र ताईंचं वाक्य डोक्यात घोळायला लागलं होतं. साठा पुरेसा आहे, तर तो जातो कुठे?

ताईंनी सुरुवात गाण्यापासून केलीच नाही. जमिनीवर उताणं झोपायचं, गुडघे दुमडून पावलं टेकवायची, बेंबीवर एक जाडसर पुस्तक ठेवायचं आणि श्वास घेताना ते वर येतं का बघायचं. मी झोपले, मोठ्ठा श्वास घेतला. छाती वर आली, खांदे कानांकडे सरकले, पुस्तक जागचं हललं नाही. पुन्हा केलं, तेच. ताई म्हणाल्या, “पोट सोड.” मी म्हटलं, सोडलंय. त्यांनी बोटाने पुस्तकाच्या कडेला जरा दाबलं, तेव्हा कळलं की पोट पाटीसारखं ताठ होतं. झोपलेली असतानाही.

या एका गोष्टीवर माझे तीन आठवडे गेले, आणि आज विचाराल तर ते सगळ्यात कामी आले. तेरा-चौदा वर्षांची असताना कुणीतरी “पोट आत घेऊन उभी राहा” म्हणालं होतं. तेव्हापासून मी ते आतच घेतलेलं होतं. चालताना, बसताना, फोटो काढताना, बोलताना. पंचवीस-सत्तावीस वर्षं आवळून धरलेला स्नायू ‘सोड’ म्हटल्यावर सुटत नाही, कारण तो धरलाय हेच आपल्याला कळत नाही. खूप गाणाऱ्या मुलींशी आणि बायकांशी नंतर बोलले. जवळजवळ प्रत्येकीकडे या वाक्याची आपापली आठवण निघाली.

पोट आवळलेलं असलं की श्वासाचं नेमकं काय बिघडतं, ते मी तेव्हा चित्रं काढून समजून घेतलं. फुफ्फुसांना स्वतःचं असं फुगायला स्नायू नसतात. त्यांच्या खाली श्वासपटल नावाचा पातळ, घुमटासारखा स्नायू असतो, खालच्या बरगड्यांना आणि कमरेच्या मणक्यांना चिकटलेला. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होत खाली येतो, छातीत जागा होते आणि हवा आपोआप आत शिरते. पण घुमट खाली यायचा तर खालच्या जठर, यकृत, आतड्यांना कुठेतरी सरकायला हवं. ती पुढे सरकतात, म्हणून पोट पुढे येतं. पोटात हवा जात नाही. ‘पोटात श्वास भरा’ हे म्हणणं मला आता फसवं वाटतं. पोटाची भिंत ताठ असेल तर घुमटाला उतरायला वाव राहत नाही. मग शरीर वरची वाट धरतं. मानेचे स्नायू वरच्या बरगड्या उचलतात, खांदे वर जातात. मान आखडली की तिच्या मधोमध असलेलं स्वरयंत्रही मोकळं राहत नाही. माझ्या रेकॉर्डिंगमधला तो ‘हाऽ’ म्हणजे आवळलेल्या, अर्धवट उघडलेल्या घशातून घाईने शिरणाऱ्या हवेची घासाघीस होती.

पुस्तक पहिल्यांदा हललं ते मी प्रयत्न सोडला तेव्हा. ताईंनी सांगितलं होतं, “श्वास घेऊच नकोस. सगळा सोड, थांब, आणि वाट बघ.” मी हवा सोडली. थांबले. तीन-चार क्षण काहीच झालं नाही, आणि मग पोट आपसूक वर आलं, पुस्तकासकट. कुणीतरी आतून उचलल्यासारखं. घशातून आवाज आला नाही, खांदे जागच्या जागी. त्या रात्री मी तेच पुनःपुन्हा करत राहिले. घ्यायचा नाही, येऊ द्यायचा. पुढे जे काही शिकले ते सगळं या एका अनुभवाला धरून.

उठून बसल्याबरोबर तो हातातून गेला. मांडी घातली की माझी कंबर मागे कलंडायची, पाठीला पोक यायचं आणि पोट घडी पडून दबायचं. मधली पायरी म्हणून काही दिवस हात-गुडघे टेकून, रांगणाऱ्या बाळासारखं, श्वास घेतला. त्यात पोट आपल्याच वजनाने खाली लोंबतं, आवळायला फार जोर लागतो, म्हणून सुटलेलं असणं म्हणजे काय ते शरीराला चटकन कळतं. बसण्यासाठी उपाय साधा निघाला. चादरीची जाड घडी फक्त कुल्ल्यांखाली घ्यायची, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि कणा स्वतःहून उभा होतो. कमरेला घट्ट बसणारे कपडे रियाजाला घालणं मी तेव्हापासून बंद केलं.

बसल्यावर पोटाइतकंच बरगड्यांकडे लक्ष द्यायला शिकले. दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांवर, अंगठे मागे. श्वास आला की हात बाजूंना सरकायला हवेत. शरीरशास्त्रात या हालचालीला बादलीच्या कडीची उपमा देतात. कडी एका बाजूने उचलली की ती वर तर येतेच, बाहेरही जाते. मला ती उपमा इतकी आवडली की कित्येक दिवस ‘कड्या उचल’ असंच स्वतःला सांगत होते. पाठीकडच्या बरगड्याही फुलतात, हे मात्र उशिरा जाणवलं, खुर्चीवर पुढे वाकून कोपरं मांड्यांवर टेकली तेव्हा.

इथे ‘बेंबीपासून गा’ या सल्ल्याबद्दल बोलायलाच हवं. गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकलेला असतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो: गळ्यावर ताण देऊ नकोस, आधार खालून येऊ दे. पण आपल्या कानाला ‘बेंबीच्या देठापासून’ म्हटलं की ओरडणंच आठवतं. मीही तेच करत होते. स्वर लावायच्या क्षणी पोटाला आतून एक हिसका द्यायचा. त्याने आवाज मोठा निघायचा, पहिलं अक्षर आघातासारखं यायचं आणि निम्मी हवा त्या एकाच अक्षरात खर्च व्हायची. श्वासपटलाने ‘ढकलून’ गाता येत नाही. तो श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. हवा बाहेर जात असताना तो सैल होत वर जातो. बाहेर जाणाऱ्या हवेचा वेग सांभाळतात ते पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू. शिवाय पटलाची जाणीव आपल्याला थेट होतच नाही, फक्त त्याच्या आसपास काय हलतं ते कळतं. हे समजल्यावर मी पटलाचा विचारच करणं सोडलं.

मग आला ‘स्स्स’चा व्यायाम. श्वास येऊ द्यायचा आणि दातांच्या फटीतून ‘स’ सोडत राहायचं, एकसारख्या जोराने, घड्याळ बघत. पहिल्या दिवशी १४ सेकंद. हावरटासारखी मी लागोपाठ वीस वेळा केला आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. खोल श्वास एकामागून एक घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. हे करणाऱ्या कुणालाही मी आधी सांगेन: बसून करा, एका वेळी पाचाच्या वर नको, आणि दोन खेपांच्या मध्ये दोन-तीन साधे श्वास घ्या. सेकंदांपेक्षा ‘स’चा आवाज एकसारखा राहतोय का हे जास्त महत्त्वाचं, हेही मला उशिरा कळलं. माझा ‘स’ सुरुवातीला फणफणत निघायचा आणि शेवटी विझायचा, हुबेहूब माझ्या मुखड्यासारखा.

ही फणफण कुठून येते ते शोधताना माझी दुसरी मोठी चूक सापडली. पोट सुटायला लागल्यापासून मी प्रत्येक ओळीआधी गच्च भरून घेत होते. जास्त भरलं की जास्त पुरेल, हे इतकं सरळ वाटत होतं की शंका घ्यायचं कारणच नव्हतं. प्रत्यक्षात गच्च भरल्यावर स्वर लावणंच अवघड जायचं. आवाज फुटून बाहेर यायचा, नाहीतर मी तो घशात अडवून धरायचे. कारण फुफ्फुसं ताणलेल्या रबरासारखी असतात. जितकी भरावीत तितकी ती स्वतःहून आकसायला बघतात, बरगड्याही खाली यायला बघतात. पूर्ण भरलेल्या छातीत हा दाब गाण्याला लागतो त्याहून कितीतरी जास्त असतो. म्हणून ओळीच्या सुरुवातीला ढकलायचं काहीच नसतं, उलट आवरायचं असतं. श्वास घेताना ज्या स्नायूंनी बरगड्या उघडल्या त्यांनीच त्या लगेच मिटू न देता सावकाश मिटू द्यायच्या. ओळीच्या शेवटाकडे ताण संपतो, तेव्हा कुठे पोटाच्या स्नायूंनी हळूहळू आत येत मदत करायची.

एकोणिसाव्या शतकातले इटालियन गायनशिक्षक फ्रांचेस्को लाम्पेर्ती यांनी याला आवाजाची झुंज म्हटलं होतं: श्वास आत ठेवू पाहणारे स्नायू आणि बाहेर काढू पाहणारे स्नायू यांची. पाश्चात्त्य गाण्यात ज्याला ‘अप्पोज्जो’ म्हणतात, म्हणजे टेकणं, रेलणं, तो याच तोलाचा भाग. झुंज हा शब्द वाचून मी आठवडाभर बरगड्या ताठ धरून ठेवल्या आणि पाठ दुखवून घेतली. ताईंनी दाखवलेलं जास्त उपयोगी पडलं. स्प्रिंगचं दार असतं ना, आपलं आपण धाडकन मिटणारं? त्याला हात लावून ते हलकेच मिटू द्यायचं. दार थांबवायचं नाही, मागे ढकलायचंही नाही. त्या दिवशी मी खरंच एका दारापाशी उभी राहून, दार मिटेपर्यंत एक षड्ज, म्हणजे ‘सा’, लावत होते.

या टप्प्यावर फारिनेल्लीच्या नावाने चालत आलेला व्यायाम सुरू केला. फारिनेल्ली (१७०५–१७८२) हा इटालियन गायक त्याच्या लांबलचक श्वासासाठी प्रसिद्ध होता. व्यायाम दिसायला अगदी साधा आहे. चार मात्रांत श्वास आत, चार मात्रा तसाच ठेवायचा, चार मात्रांत बाहेर, आणि मध्ये विश्रांती न घेता पुढची फेरी पाच-पाच-पाचची. मग सहा. अवघड भाग मधला. श्वास ‘ठेवायचा’ म्हणजे घसा बंद करून कोंडायचा नाही. घसा उघडा, बरगड्या उघड्या, आणि हवा तिथेच, नुसती तरंगत. मी सातवर अडकले, आणि अजूनही आठच्या पुढे फारशी जात नाही. पण त्या मधल्या चार मात्रांनी मला स्वर लावण्याआधीचा क्षण दिला. आधी मी श्वास घेऊन तडक स्वरावर आदळायचे. आता मध्ये एक निमिष स्थिर मिळतं, आणि स्वर त्यातून निघतो.

प्राणायामाचं पुष्कळ जण विचारतात. अनुलोम-विलोम मी करत होते, त्याने रियाजाआधी मन स्थिर व्हायला मदत झाली, पण मुखडा त्याने लांबला नाही. गाताना हवेच्या वाटेत स्वरतंतू उभे असतात, त्यांच्याशी जुळवून घेणं हे नुसत्या श्वासाने शिकता येत नाही. माझी सगळ्यात मोठी गळती तिथेच निघाली.

तीन महिन्यांनी ‘स’ १९ सेकंदांवर गेला होता, पण आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, लावलेला षड्ज १०-११ सेकंदांतच संपायचा. हे गणित जुळेना. एका वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी अगदी साधी चाचणी सांगितली. एका श्वासात ‘स’ किती वेळ टिकतो ते मोजा, मग दातांतून गुंजणारा ‘झ्झ्झ’ किती वेळ टिकतो ते मोजा. ‘स’मध्ये स्वरतंतू कंप पावत नाहीत, ‘झ’मध्ये पावतात. दोन्ही वेळा साधारण सारख्या यायला हव्यात. ‘स’चा वेळ ‘झ’च्या १.४ पटीहून जास्त निघाला तर स्वरतंतू नीट जुळत नसावेत अशी शंका घेतात. माझे आकडे १९ आणि १२. भागाकार जवळजवळ १.६.

मी घाबरले. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दुर्बिणीतून तपासणी झाली. पडद्यावर माझेच स्वरतंतू दिसत होते, मोत्यासारखे पांढुरके, लुकलुकत्या प्रकाशात सावकाश उघड-मीट करताना. प्रत्यक्षात ते इतके हळू हलत नाहीत. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा ‘सा’; त्या षड्जाला ते सेकंदाला साधारण २०८ वेळा जुळतात आणि उघडतात, तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, त्याच्या दुप्पट. मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते, ते मला खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं. एका गाणं शिकवणाऱ्या माणसाला आपला आवाज कुठून येतो हे बघायची इतकी ओढ लागली होती, या विचाराने त्या धास्तावलेल्या क्षणीही बरं वाटलं.

गाठ नव्हती, सूज नव्हती. मागच्या बाजूला बारीकशी फट होती. बायकांमध्ये ती सर्रास दिसते, त्यात आजार काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण मी हळू, ‘गोड’ लावलेला स्वर काढला की ती फट लांब होत जात होती. म्हणजे हळुवार गाण्याच्या नावाखाली मी स्वरात वारा मिसळत होते. सहज, स्वच्छ आवाजाला सेकंदाला साधारण १०० ते २०० मिलिलिटर हवा लागते. वापरता येण्याजोगी अडीच लिटर धरली आणि सेकंदाला १५० मिलिलिटर गेली, तर सोळा सेकंद मिळतात. अडीचशे गेली, तर दहा. माझे दहा सेकंद हे असे होते. ताई सांडणं म्हणाल्या होत्या, ते शब्दशः खरं होतं.

इथून पुढे काम बारीक होतं. वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी नळी दिली, सरबताची असते तसली. नळी ओठांत धरून तिच्यातून ‘ऊ’ काढायचा, आधी एकाच स्वरावर, मग खालून वर आणि वरून खाली ओघळत. नंतर नळीचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून तेच, बुडबुडे एकसारखे राहतील असं. तोंडापाशी वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागे उलटतो आणि स्वरतंतूंना जोर न लावता नीट जुळायला आधार मिळतो. बुडबुडे खोटं बोलत नाहीत. पोटाचा हिसका दिला की एकदम उसळतात, हवा कमी पडली की थांबतात. ओठांची फुरफुरही तशीच: श्वासाचा ओघ तुटला की ओठ गप्प. दहा मिनिटं नळी आणि लगेच आकारात षड्ज, असा क्रम ठेवला. नळीनंतरचा पहिला ‘आ’ इतका भरीव यायचा की मी दचकले होते. त्यात वारा नव्हता.

पुन्हा मोजलं तेव्हा ‘स’ २१ आणि ‘झ’ १९ होता. ‘स’ दोनच सेकंदांनी वाढला होता. सात सेकंद ‘झ’ने भरून काढले होते.

एवढं सगळं झाल्यावर गाण्यात श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्न उरतो, आणि तो मला सगळ्यात जास्त रंगवून गेला. आधी मी संपला की घ्यायचे. त्यामुळे शब्द तुटायचे, कधी अक्षराच्या मधोमध. ताईंनी बंदिशीची वही काढायला लावली आणि पेन्सिलने खुणा करायला सांगितलं. अर्थ जिथे थांबतो तिथे मोठी खूण, तिथे पुरता श्वास येऊ द्यायचा. स्वरवाक्य जिथे न्यासावर, म्हणजे विसाव्याच्या स्वरावर, टेकतं तिथे छोटी, तिथे चोरटा श्वास. मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याच्या, मध्ये कधीच नाही. मुखड्याच्या उचलीआधी वेळ कमी असतो, म्हणून तिथला श्वास अलीकडच्या आलापातून वाचवून ठेवायचा: आलापाचा शेवटचा स्वर अर्धी मात्रा आधी सोडायचा. तो अर्ध्या मात्रेचा पैसा मुखड्यात खर्चायचा. सोडण्याची जागा हीच श्वासाची जागा, हे वहीत खुणा करताना लक्षात आलं. मी स्वर संपवत नव्हते, तो गळून पडत होता. आणि गळून पडलेल्या स्वरामागून श्वास नेहमी घाईनेच येतो.

चोरट्या श्वासाला वेळ अर्ध्या सेकंदाचाही मिळत नाही. नाकाने हवा गाळून, कोमट आणि ओलसर होऊन आत जाते, म्हणून जिथे सवड आहे तिथे नाक. चोरट्या श्वासाला तोंडच लागतं. पुढच्या अक्षराचा आकार ओठांनी आधीच घ्यायचा, ‘आ’ असेल तर ‘आ’, आणि त्याच आकारातून पोट सोडून द्यायचं. हवा आत पडते. ओढावी लागत नाही, म्हणून आवाज होत नाही. द्रुत बंदिशीत तानेच्या आधी हे जमायला मला आणखी चार महिने लागले, आणि तानांमध्ये प्रत्येक वेळी भरून घेण्याचा मोह अजून होतो. दोन छोट्या श्वासांच्या मध्ये हवा फारशी खर्च झालेली नसते. वरून भरत राहिलं तर छाती गच्च होते आणि तरीही गुदमरल्यासारखं वाटतं, कारण श्वासाची ओढ प्रामुख्याने साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागते. अशा वेळी आणखी घेण्याऐवजी आधी थोडं सोडावं लागतं. बोलताना विचित्र वाटतं, पण गाऊन पाहा.

लोकांसमोर पहिल्यांदा या पद्धतीने गायले तेव्हा सगळं विसरले. स्टेजवर बसल्याबरोबर पोट पुन्हा आत गेलं, जुन्या घरी परतल्यासारखं. तालाची पहिली दोन आवर्तनं मी खांद्यांनीच श्वास घेतला. मग ताईंनी रियाजात सांगितलेलं एवढंच आठवलं की घेऊ नकोस, आधी सोड. तबल्याचा ठेका चालू होता, तानपुरा चालू होता. मी एक अख्खा मुखडा गाळला. तेवढ्या वेळात हवा सोडून दिली, थांबले, आणि पोट खाली सुटल्याचं जाणवलं. पुढच्या मुखड्याला समेवर षड्ज पूर्ण उंचीचा लागला आणि समेनंतरही माझ्याकडे हवा शिल्लक होती. समोर बसलेल्यांना यातलं काही कळलं नसेल. मला डोळ्यांत पाणी आलं म्हणून पुढची ओळ मिटल्या डोळ्यांनी गायले.

आता रोजचं असं आहे: पाच मिनिटं जमिनीवर, आता पुस्तकाशिवाय, मग नळी, मग खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, मंद्र पंचमापर्यंत (खालच्या ‘प’पर्यंत), घड्याळ न लावता. मोजणं महिन्यातून एकदाच, कारण रोज मोजलं की मी पुन्हा भरून घ्यायला लागते. सर्दी असेल तर फक्त जमिनीवरचं.

काल पुन्हा रेकॉर्डिंग केलं, फोन तेवढ्याच अंतरावर ठेवून. स्थायीत, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागात, श्वास ऐकू येत नाही. अंतऱ्यात, वर चढणाऱ्या दुसऱ्या भागात, एका जागी येतो, तार षड्जावर जायच्या आधी. तिथे मला अजून भीती वाटते आणि मी जास्तीचं भरून घेते. ताईंनी त्या ओळीवर वहीत नवी खूण करून दिली आहे, दोन शब्द अलीकडे, आणि सांगितलंय की आठवडाभर ती ओळ मुद्दाम अर्ध्या श्वासावरच सुरू कर.